दुकान रिलिंक्विश केलं

विशाखा बेटा, जय भीम.

गांधीबागेतलं साड्याचं दुकान तुझ्या हवाली करताना कागद इंग्रजीत लिहायचा हट्ट माझाच होता. रिलिंक्विश म्हणजे धरलेलं आपल्या हातानं सोडणं, हे तूच शिकवलं. कागदावरचं वाक्य बरोबर जमलं म्हणून मी तो साऱ्या बाजारात दाखवत फिरलो.

आज बोहनीच्या गिऱ्हाइकाले तू भाव सांगितला. मागून मी नाही म्हणून मान हलवली. तो तुले सोडून माझ्याकडं पाहू लागला, अन् मी भाव उतरवला.

तू गादीवरून उठली. "बसा बाबा," म्हणाली अन् चालली गेली.

मले तुझ्या मागं येता आलं असतं. मी चप्पल काढली अन् बसलो.

हे पत्र तुले कोणत्या तोंडानं देऊ? लिहून राहिलो तेही गादीवरूनच.

तुझा बाबा