दोन्ही पाय टेकतील अशी गाडी

४ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की इथलं सगळं आरोग्य केंद्र गोळा होतं, म्हणून पत्र. तीस वर्षं गाड्यांचे सायलेन्सर कानाशी घेऊन बसलात, त्याची फळं आम्ही भोगतोय.

मला डोंगरावरच्या सहा वस्त्या दिल्या आहेत. बाळंतिणी, तान्ही मुलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं, यांना घरी जाऊन तपासायचं. आत्तापर्यंत केंद्राची जीप सोडायची, ती आता बंद होणार. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की एक मार्चपासून फेरी स्वतःच्या दुचाकीवर करावी लागेल, जमत नसेल तर नोंदींच्या खोलीत टेबल रिकामं आहे. मामा, मी परिचारिका झाले ती कागद लावायला नव्हे.

रस्ता सगळा दगडगोट्यांचा. स्कूटरची लहान चाकं तिथे अडकून बसतात, म्हणजे मोटरसायकलच हवी. आणि माझी उंची तुम्हाला ठाऊक आहे, चार फूट दहा इंच, तीही मान ताणून. दुकानात एका गाडीवर बसून पाहिलं तर दोन्ही पाय अधांतरी. विकणारा म्हणाला, घरात भाऊ असेल तर त्याला घेऊन या. मी म्हटलं, आहे, पण तो माझ्याहून भित्रा आहे.

कोणती घेऊ ते सांगा. आणि घेतल्यावर माझ्या मापाची करून द्याल ना? तुमच्याइतकं ते कोणालाच जमणार नाही.

मामीचा गुडघा थंडीत फार धरत असेल. तिला माझा नमस्कार.

आशीर्वाद तुम्ही नेहमीच देता, या खेपेला हातही द्या.

तुमची,
लवंगी


११ जानेवारी

चि. लवंगीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आधी नाही म्हणतो, मग बाकीचं लिहितो. मी गॅरेज बंद केल्यापासून पान्याला हात लावलेला नाही आणि तुझ्या गाडीला तर मुळीच लावणार नाही. कारण तुझी मामी रोज माझ्यासमोर जिना उतरते, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. तिच्यासाठीही मी गाडी बसकी करून दिली होती. मऊ मातीवर तिनं स्टँड नीट लावलं नाही, गाडी अंगावर आली आणि गुडघा कायमचा गेला. चोवीस वर्षं झाली. पुन्हा तसं बघायची माझी ताकद नाही. माझं ऐकशील तर ते टेबल घे. टेबल कोणाच्या पायावर पडत नाही.

पण तू ऐकणार नाहीस. लहानपणी तुझं नाव लवंगी मी उगाच ठेवलं नाही, मिरचीएवढी असताना घर डोक्यावर घ्यायचीस. म्हणून लिहितो ते नीट वाच.

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहा. एक जाड वही पायांमध्ये घट्ट वर धर आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोज. तुझं खरं माप ते, उंची नव्हे. गाडी बघताना सीट किती उंच यावर जाऊ नकोस, पुढे किती रुंद आहे ते बघ. रुंद सीट पाय फाकवते आणि दोन इंच खाते. गाडी हलकी घे. आडवी पाडून एकटीने उचलून बघ, उचलली तरच घे. आणि जुनी घे, शिकताना ती पडणारच आहे. नव्या गाडीचा ओरखडा माणसाला स्वतःच्या खरचटण्यापेक्षा जास्त लागतो.

याहून जास्त माझ्याकडून होणार नाही. मामी बरी आहे. तिला तुझ्या गाडीबद्दल बोललेलो नाही.

राग आला तर येऊ दे, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा,
मामा


२ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रागावले होते, म्हणून तीन आठवडे लावले. आता राग गेला, कारण गाडी आली.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. दुकानाच्या अंगणात एकेक करत चार गाड्या आडव्या पाडल्या आणि उचलून बघितल्या. मालक कपाळाला हात लावून बसला होता. चौथी उचलली गेली, ती घेतली. पाय तरी अर्धवटच टेकत होते. तुम्ही नाही म्हणालात, म्हणून इथल्या मेकॅनिककडे गेले. त्याने मागचे शॉकअप काढून दोन इंच आखूड बसवले. एका दुपारचं काम. आता दोन्ही पाय टाचेसकट जमिनीवर टेकतात! वळणावर ती जरा आळशीपणा करते, हँडलला दोनदा सांगावं लागतं, पण होईल सवय. दोनदा पडले, दोन्ही वेळा सावकाश, बसल्यासारखी.

आणि काय ऐटीत उभी राहते म्हणून सांगू. स्टँड लावलं की बाकीच्यांच्या गाड्या दारुड्यासारख्या कलतात, माझी अगदी ताठ, परेडला उभी असल्यासारखी. डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणाल्या की गाडी मालकिणीवर गेली आहे.

सोमवारपासून सर्वांत वरची वस्ती एकटीने करणार. तिथे एक बाळंतीण आहे, पंधरा दिवसांचं बाळ, वजन फार कमी. घर चढावर आहे, गाडी थेट अंगणात जाते.

इथे फोनचा खांब वाऱ्याने पडला आहे, तेव्हा काळजी वाटली तरी पत्रच लिहा. मामीला आता तरी सांगा. मला तिच्यापासून काही लपवायला आवडत नाही.

तुमच्या मायेवर माझा हक्क आहे असं धरून चालते.

लवंगी


६ फेब्रुवारी

चि. लवंगीस,
आशीर्वाद.

थोडक्यात लिहितो. गाडी स्टँडवर उभी करू नकोस. अजिबात नको. भिंतीला टेकवून ठेव, मधे पोतं घाल. तिच्या उजव्या बाजूला कोणी बसू नये, वाकू नये, मूल तर नकोच.

गाडी ताठ उभी राहते ही ऐट नव्हे. मागून दोन इंच खाली आली, पण स्टँड तेवढंच लांब राहिलं. ते आता तिला कलू देत नाही, उलट पलीकडे ढकलतं. सपाट जमिनीवर उभी राहील. चढावर नुसता वारा पुरेल.

केंद्रावर फोन लावून पाहिला, लागत नाही. रविवारच्या बसने निघतो आहे. पत्र आधी पोचतं की मी, ठाऊक नाही. अवजारांची पेटी माळ्यावरून काढली आहे. मामीने कशाला काढली विचारलं, तर मी गंज बघायला म्हटलं. तिला हे पत्र दाखवलेलं नाही.

जपून राहा, एवढं माझ्यासाठी कर.

मामा


१५ फेब्रुवारी

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

मामा काल बसमध्ये बसले, आज संध्याकाळपर्यंत घरी पोचतील. ते गंज बघायला माझ्याकडे आले होते, हे तुला एव्हाना कळलं असेलच.

त्यांचं पत्र त्यांच्यानंतर दोन दिवसांनी आलं. आणि मामा येण्याच्या आधीच गाडी पडली होती. वरच्या वस्तीच्या अंगणात, मी आत बाळाचं वजन करत असताना, कोणी हातही न लावता. बाळंतीण त्याआधी बाळाला घेऊन त्याच जागी उन्हात बसली होती. मी वजनासाठी आत बोलावलं म्हणून उठली. आरसा फुटला, बाकी काही नाही. मामांना हे सांगितलं तेव्हा ते ओट्यावरच बसले. मी नाडी बघितली त्यांची.

मग दोन दिवस काम केलं. मूळचे शॉकअप परत बसवले. माझं वजन कमी म्हणून त्यांच्या स्प्रिंगा पार सैल केल्या, म्हणजे मी बसले की गाडी आपोआप थोडी दबते. सीटचं कव्हर सोडवून पुढचा फोम दोन्ही कडांनी कापला, त्यामुळे पाय सरळ खाली जातात. क्लचची मूठ माझ्या बोटांना पुरेल अशी जवळ आणली. जाड तळव्याचे बूट घ्यायला लावले. तरी आता दोन्ही पाय टेकत नाहीत, चवडे टेकतात. मी कुरकुर केली, तर त्यांनी मला थांबताना सीटवरून किंचित डावीकडे सरकायला शिकवलं. डावा पाय पुरता जमिनीवर, उजवा ब्रेकवर. म्हणाले, एक पाय पुरतो. दोन्ही टेकले पाहिजेत हा हट्ट एकेकाळी माझा होता, आणि तो मला फार महागात पडला आहे, असंही म्हणाले.

परवा सहाही वस्त्या केल्या. मामा केंद्राच्या फाटकाशी सकाळपासून उभे होते, मी परत येईपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी मार्चच्या फेरीच्या तक्त्यावर माझं नाव लिहिलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती तुझी आहे, म्हणून मी लिहीत नाही. तुला स्वतः सांगतील असं त्यांनी मला वचन दिलं आहे. नाही सांगितली तर मला कळव.

तुझ्याजवळ असायला हवं होतं असं आज फार वाटतं.

तुझी,
लवंगी


२४ फेब्रुवारी

चि. लवंगीस,
पोटभर आशीर्वाद.

सांगितलं. आल्या संध्याकाळीच, पायातल्या चपलाही न काढता. माझ्या गाडीचंही तेच झालं होतं. यांनी मागून खाली घेतली, मला दोन्ही पाय टेकता यावेत म्हणून, आणि स्टँड कापायचं विसरले. माती मऊ नव्हती आणि मी स्टँड नीटच लावलं होतं. मी उजव्या बाजूने पिशवी सोडवायला वाकले, एवढंच. दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं विचारलं, तेव्हा घाबरून यांच्या तोंडून ते मातीचं निघालं. मग गॅरेजवर लोक विचारायला लागले, तिथेही तेच, आणि ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटू लागलं. एकदा बोललेलं परत घेता येईना म्हणतात. चोवीस वर्षांत खरं सांगायला एक दिवस सापडला नाही.

नऊ दिवस झाले, मी यांच्याशी कामापुरतंच बोलते. जेवायला वाढते. हे खाली मान घालून जेवतात आणि ताट स्वतः घासतात. अवजारं पुसून पेटी दाराशी ठेवली आहे. शेजारची एक मुलगी तुझ्याच उंचीची आहे, तिला गाडी शिकायची आहे, असं परवा भिंतीकडे बघून सांगितलं. मी म्हटलं, करून द्या, पण स्टँड मी मोजणार.

तू काळजी करू नकोस, घर मोडत नाही. माणूस वाईट नाही, भित्रा आहे, आणि ते मला लग्नाआधीच ठाऊक होतं. गुडघ्याचाही राग नाही. काम करणाऱ्याच्या हातून चूक होते.

पण लवंगी, मी इतकी वर्षं स्वतःला धांदरट समजत आले. साधी गाडी उभी करता येत नाही, अशी बाई. लोक हसायचे, मीही त्यांच्यात हसायचे. काचेचं काही असलं की दुसऱ्याच्या हाती द्यायचे. त्या पडण्यानंतर वर्षभराने तू झालीस. तुझी आई तुला माझ्याकडे द्यायला वाकली आणि मी हात मागे घेतले. सर्दी झाली आहे म्हटलं. सर्दी नव्हती. तू माझ्या हातून पडशील याची भीती होती. पुढेही काही ना काही सांगत राहिले. तुझ्या आईला वाटलं मला मुलांची आवड नाही, आणि मी तसं वाटू दिलं. तुला मी एकदाही कडेवर घेतलं नाही.

यांना क्षमा करीन मी, आज ना उद्या. पण ते लहानपण तुझं होतं, आणि माझे हात तेव्हा चांगले होते.

येशील तेव्हा सावकाश ये. मी दारात उभी असेन.

तुझी,
मामी