मोगरीला गोचिडी होतात, याची नोंद घेण्याबाबत

दि. ११ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
गोचीड प्रतिबंधक लस संशोधन प्रकल्प,
डिचोली, गोवा.

विषय : माझी गाय मोगरी हिला इतर गायींप्रमाणेच गोचिडी होतात, तशी दुरुस्ती करून तिला नेण्याचे रद्द करणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. ३ नोव्हेंबर, ज्यात तिला 'नैसर्गिक प्रतिकारक्षम' म्हटले आहे.

महोदय,

मी खाली सही करणारी चंद्रावती अनंत गवस, राहणार इब्रामपूर, पेडणे, शिक्षण दुसरी पास. हा अर्ज माझ्या हाताने लिहिते. नात प्रिया लिहून देत होती, पण ती 'गैरसमज झाला' असे लिहिणार होती. गैरसमज झाला नाही. मी केला.

१. आपल्याकडची गौरवी नावाची मुलगी आमच्या वाड्यावरच्या गायींच्या गोचिडी मोजायला आणि रक्त घ्यायला तीन वेळा आली. मुलगी वळणाची. दर वेळी आदल्या दिवशी फोन करून आली, आणि तिथेच घोटाळा झाला. पाहुणे येणार म्हटल्यावर आम्ही अंगण सारवतो. इथे तर पाहुणी थेट गायीच्या शेपटीखाली वाकून बघणार होती. गवसांच्या गोठ्यात गोचिडी सापडल्या, हे सरकारी कागदावर चढू देणारी मी नव्हे. म्हणून तिन्ही वेळा मी नारळाच्या करटीत मिठाचे पाणी घेऊन बसले आणि कानामागून, कासेवरून, गळ्याच्या पोळीखालून एकेक गोचीड नखांनी वेचून त्यात बुडवली. गौरवीला एकही मिळाली नाही. शेजारच्या शेवंताच्या गायीवर बेचाळीस मिळाल्या. त्याचे मला वाईट वाटले, असे खोटे लिहीत नाही.

२. गौरवीने विचारले होते, "आजी, गायीला काही औषध लावता?" मी नाही म्हटले. ते खरेच आहे. औषध विचारले, नखे कोणी विचारली नाहीत. आपल्या फॉर्मात तसा रकाना नाही, तो करावा.

३. आपले पत्र आले आणि प्रियाने वाचून दाखवले. मोगरीला सोमवार दि. १७ रोजी गाडी पाठवून नेणार, दोन वर्षे केंद्रात ठेवणार, तिच्या अंगावर मुद्दाम गोचिडी सोडणार. वाड्यावर बातमी फुटली. शेवंता कुंपणावरून ओरडली, "तुझी मोगरी सरकारची सून जाली मगो! पाठवणी केन्ना?" पहिले दोन दिवस मी मिरवलेसुद्धा. तिसऱ्या दिवशी गौरवीला फोन करून लस कशी करतात ते नीट विचारले, आणि माझे जेवण गेले.

४. मला समजले ते असे. गोचीड चावते तेव्हा तिच्या लाळेतली प्रथिने गायीच्या अंगात जातात. ज्या गायीवर गोचीड टिकत नाही, तिचे रक्त त्यातले कुठले प्रथिन ओळखते ते शोधायचे. तेच लशीत घालून बाकीच्या गायींच्या रक्ताला शिकवायचे, म्हणजे चावणारी गोचीड उपाशी गळून पडेल. अशा प्रथिनांच्या यादीत पहिली तीन आपण मोगरीच्या रक्तावरून निवडली आहेत. महोदय, ती खोडा. मोगरीच्या रक्ताने काही ओळखलेले नाही. ओळखले ते मी, चष्मा लावून. त्या तीन प्रथिनांची लस केलीत तर सगळ्या गोव्याच्या गायींना टोचाल आणि गोचिडी खुशाल पीत बसतील. यात गौरवीची चूक धरू नये. तिने बरोबर मोजले, मी मोजायला काही ठेवले नव्हते.

५. आणि तुमच्या केंद्रात मोगरीवर गोचिडी सोडल्यावर तिथे करटी घेऊन कोण बसणार? तिला वाटेल मी येईन. कान पुढे करून उभी राहील. हे मला चालणार नाही.

६. नुसत्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून गौरवीला फोन केला त्या दिवसापासून, पाच दिवस, मी मोगरीला हात लावलेला नाही. आज सकाळी तिच्यावर सदतीस गोचिडी आहेत. शेवंताच्या गायीपेक्षा पाच कमी, हे अहवालात स्पष्ट यावे. पण जनावर खांबाला अंग घासते, मला ढुशी देते, आणि मी जनेलाच्या गजांआड बसून आपलेच हात धरून ठेवते. इतके कष्ट मला सात बाळंतपणांत पडले नाहीत.

तरी गौरवीला तातडीने पाठवून मोजणी नव्याने करावी, यादी सुधारावी आणि सोमवारची गाडी थांबवावी. शुक्रवारपर्यंत मी कशीबशी दम धरते. त्यानंतर करटी काढणार. मुलीला सांगावे, या वेळी फोन न करता ये. कळवून आलीस तर माझी नखे स्वस्थ राहणार नाहीत. चहा आणि उंडे पाव न कळवताही मिळतील.

आपली, या एका कामापुरती नम्र,

चंद्रावती अनंत गवस
(सही माझीच, अंगठा नव्हे)

सोबत : मोगरीच्या अंगावरच्या पाच गोचिडी, जिवंत, झाकणाला बारीक भोके पाडलेल्या बाटलीत. मोजताना त्या धरून सदतीस धरावे. बाटली लोणच्याची आहे, धुऊन परत पाठवावी.