एका गादीभोवती पाच विद्वान

माझी धाकटी बहीण इफ्फत, मुक्काम नवापूर, हिला थोरली बहीण हाजराबी हिचा शहाद्याहून सलाम. अल्लाह तुला सुखात ठेवो, तुझे गुडघे चालते ठेवो आणि उजव्या कानाला ऐकू येत राहो. (डाव्याची आशा मी सोडली आहे.) आम्ही इकडे बरे आहोत. नासिरचं गादीचं दुकान चाललं आहे, सुनेची कंबर तिच्या मर्जीप्रमाणे दुखते आणि थांबते, आणि मी एकाहत्तर वर्षांची होऊनही दाभणात दोरा चष्म्याशिवाय ओवते, हे तुला जळवण्यासाठी मुद्दाम कळवते.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू माझं बोलणं निम्म्यात तोडतेस आणि मग ऐकू आलं नाही म्हणतेस. पत्र तोडता येत नाही. तुझ्या सुनेला सांग, सावकाश वाच, आणि शेवटपर्यंत वाच. मी बोलते आहे आणि नात अतिका लिहिते आहे. (एखादी गोष्ट लिहू नको म्हटलं तर ‘लिहू नको म्हणाल्या’ हेही लिहिते. संशोधनात काही गाळायचं नसतं म्हणे.)

तुला माहीत आहे, ही पोरगी तीन वर्षं कापसावर पीएच.डी. करते आहे. आपण पिंजारी, आपल्या सात पिढ्यांच्या नाकात कापूस गेला, पण त्यातल्या कुणाला कुणी डॉक्टर म्हटलं नाही, दम्याचे पेशंट तेवढे म्हटलं. बरं, शेतात उभा आहे तो कापूस घ्यावा, तर तो नाही. हिला पाहिजे आपल्या लहानपणीचा बरडी कापूस. आठवतो का? ब्राह्मणपुरीकडच्या खडकाळ शेतांतून यायचा तो, बुटक्या झाडाचा, मळकट, आखूड धाग्याचा, सरकीला असा चिकटलेला की जणू तिची आई. अब्बा त्याला शिव्या देत पिंजायचे. अतिका सांगते की त्याला पाणी लागत नव्हतं आणि कीड त्याच्याकडे बघत नव्हती, म्हणून आता त्याची किंमत कळली. पण आता तो कुणाच्या शेतात नाही. पोरगी गावोगाव एस.टी.ने फिरली. प्रत्येक म्हातारा म्हणतो, होता. आणि तिच्या मॅडम म्हणतात, ‘होता’ हा पुरावा नाही. या महिन्याच्या शेवटी विद्यापीठाची समिती येणार आहे. तिच्यापुढे एक चिमूट बरडी आणि त्यातल्या सरकीचे दोन तुकडे ठेवले नाहीत तर विषय बदलायचा, म्हणजे तीन वर्षं गेली पाण्यात. (ती उगवायची नाही, इतकी जुनी सरकी. पण तिच्या पोटात काय लिहिलंय ते यंत्राने वाचता येतं. सरकी शिकलेली निघाली आणि मी तशीच राहिले.)

तर आता ऐक, मी काय पाहून आले. गेल्या आठवड्यात लोणखेड्याच्या एका कॉलेजात सगळ्या विषयांच्या संशोधकांचा दोन दिवसांचा मेळा होता. अतिकाला दहा मिनिटं बोलायचं होतं, आणि ती घाबरली की तिचा आवाज बसतो, म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. मला वाटलं, झोप चांगली लागेल. इफ्फत, दोन दिवस माझा डोळा लागला नाही.

पहिले उठले रूपसिंग सर, धडगावकडचे. हा माणूस नऊ वर्षं वाळवीच्या वारुळापुढे बसला आहे. नऊ वर्षं. आपल्या माळ्यावर वाळवी लागली तेव्हा मी नऊ मिनिटंसुद्धा बघितलं नाही, रॉकेल ओतलं. आणि त्यांनी पडद्यावर आतलं चित्र दाखवलं, तर आत खोल्या, जिने, हवा आत यायची वाट वेगळी, बाहेर जायची वेगळी. बाहेर ऊन तापलेलं आणि आत गारवा. ना गवंडी, ना नकाशा, त्या बिचाऱ्यांना डोळेही नाहीत. मी मनात त्या सगळ्यांची माफी मागितली. (नासिरने दुकानावर मजला बांधला, डोळे असून, तो उन्हाळ्यात भट्टी आहे.)

मग एक गणिताचे सर आले. त्यांचं सगळं संशोधन गाठींवर. दोरीची गाठ, गं. फळ्यावर एक गाठ काढली आणि म्हणाले, ही कधीही सुटणार नाही हे मी आकड्यांनी सिद्ध केलं आहे. मी पन्नास वर्षं गाद्यांना टाके घातले, न सुटणाऱ्या गाठी मला रोज भेटल्या, मी त्या कापल्या. पण जगात कुणीही, कितीही वर्षं बसला तरी सुटणार नाही, हे एका माणसाने गाठीला हात न लावता सांगावं! सुभानअल्लाह. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं हे खरं आहे, पण माणूस सगळीकडे कुठे बघणार.

तुमच्या नवापूरकडचीच एक पोरगी होती, प्रिस्किला. तिचं काम म्हणजे शब्द गोळा करायचे. डोंगरातल्या म्हाताऱ्यांकडे जायचं, त्यांच्या कोकणी बोलीत (समुद्राकाठची नव्हे, आपल्या डोंगरातल्या आदिवासींची) पावसाला किती नावं, बियाण्याला किती नावं, हे लिहून आणायचं. एक म्हातारी वारली तर तिच्याबरोबर चार शब्द जातात, ते जायच्या आत ही पोचते. आणि शेवटी भरत नावाचा एक मुलगा बोलला, तो एका ताऱ्याचा अभ्यास करतो. तो तारा आता तिथे नाही म्हणे. संपला. पण त्याचा उजेड अजून वाटेत आहे, म्हणून आपल्याला दिसतो. एवढी माणसं, इफ्फत, एकाला दुसऱ्याचं कळत नाही, आणि प्रत्येकजण एका कोपऱ्यात बोटभर जागा उकरत बसलाय. पाहून मशिदीत आल्यासारखं वाटलं. कोण श्रीमंत होणार त्यात? कुणीच नाही. तरी उकरतात.

आता माझं पाप. मेळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, पाहुण्यांसाठी वऱ्हांड्यात गाद्या घातल्या होत्या. आपली सवय तुला माहीत आहे, गादी दिसली की मूठ दाबायची. मी दाबत गेले आणि बोलत गेले: हा जिनिंगचा, हा जुना मशीनवर फिरवलेला, ह्यात निम्म्या चिंध्या आहेत, ज्याने विकला त्याला कबरीत टोचतील. अतिकाच्या मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी एका गादीची शिवण उसवून बघितली, चिंध्याच निघाल्या. मग सगळे जमले. मॅडम विचारतात हे बोटांना कसं कळतं, प्रिस्किला माझ्या तोंडापुढे मोबाइल धरून आपल्या धंद्याचे शब्द विचारते, गाठींचे सर विचारतात टाक्याची शेवटची गाठ कशी घालता. मी, हाजराबी, अंगठा लावणारी, आणि माझ्यापुढे पाच पदवीधर वह्या उघडून. डोकं फिरलं गं माझं. मॅडमनी सहज विचारलं, बरडी तुम्ही हाताने ओळखाल का? मी म्हणाले, ओळखेन काय, एक अख्खी गादी भरली आहे मी त्याची, चौपन्न वर्षांत कुणी उघडलेली नाही. अतिकाच्या हातातली पुरी ताटात पडली. मॅडम म्हणाल्या, कुठे आहे ती?

आणि मी म्हणाले, माझ्या घरी.

मेळा संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे जीप. त्यातून पाच विद्वान उतरले. (भरतचा गादीशी काही संबंध नव्हता, जीपमध्ये जागा होती.) माझी लग्नातली गादी अंगणात चादरीवर ठेवली. मॅडमनी हातमोजे घातले. आपण बाळंतिणीजवळ जातो तसे सगळे हळू बोलायला लागले. मॅडमना सरकी पाहिजे, गाठींच्या सरांना टाके पाहिजेत, कापू नका म्हणून त्यांचा जीव खालीवर. प्रिस्किलाला मी प्रत्येक टाक्याला काय म्हणते ते पाहिजे. रूपसिंग सर फार नम्रपणे म्हणाले की आत जे काही किडेमकोडे मेलेले असतील ते मला द्या. एकच गादी, पण प्रत्येकाला वेगळी दिसत होती. मी पन्नास वर्षं झोपले तिच्यावर, मला एकही दिसली नाही.

खोळ उसवली. आत पांढराशुभ्र, लांब धाग्याचा, धुतल्यासारखा जिनिंगचा कापूस. सरकीचं नाव नाही. नासिरने चारदा फिरवून दिला आहे तो मशीनवर, त्यात मेलेला किडासुद्धा नव्हता. मॅडमनी एक धागा ओढला, उजेडात धरला आणि मोजे काढून ठेवले. मग अतिकाकडे बघितलं. नासिर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “अम्मा, आते काय सांगशी त्यास्ले?”

मी म्हणाले, म्हातारी आहे, विसरले. सगळ्यांनी चहा घेतला. गाठींचे सर तेवढे खूश होते, त्यांना नवीन गाठ मिळाली.

अतिका मला रागावली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी तिने सगळा कापूस पुन्हा खोळीत भरला आणि मी टाके घातले, एका बाजूने ती धरून, एका बाजूने मी. आज मीच तिला म्हणाले, कागद आण, तुझ्या धाकट्या दादीला पत्र लिहायचं आहे.

बाकी सर्व क्षेम. तुझ्या शेळीला माझी आठवण सांग, सुनेला दुआ, आणि तुझा राग असेल तो जपून ठेव, लागेल.

तुझी थोरली,
हाजराबी (अंगठा)

ता. क. तुझ्या सुनेला पाणी प्यायला सांग आणि पुढे वाचू दे. बरडीची गादी तुझ्याकडे आहे. तू जिच्यावर आत्ता बसली असशील तीच. अतिकाला त्यातला एक मूठ कापूस पाहिजे.

ता. क. दुसरा. तुझ्याकडे ती कशी आली ते सांगते. आपली दोघींची लग्नं एकाच आठवड्यात, आणि अब्बा खोकल्याने पडलेले. त्यांनी मला बोलावून सांगितलं, जिनिंगचा पांढरा कापूस एका गादीपुरताच आहे, बाकी बरडी, दोन्ही सारखे मिसळ आणि दोघींच्या गाद्या भर. मी मिसळला नाही. पांढरा सगळा माझ्यात भरला, बरडी सगळा तुझ्यात, आणि तोही घाईत अर्धवट पिंजलेला. म्हणून तुला सरकी टोचायची. सासरहून पहिल्यांदा आलीस तेव्हा तू म्हणालीस, “आपा, गादीमा काहीतरी टोचस,” आणि मी म्हणाले तुझी कातडी नाजूक आहे. मग तू ती पिंजायला काढशील आणि सगळं उघडं पडेल म्हणून मीच तुला सांगितलं की ती अब्बांच्या हातची शेवटची गादी आहे, कुणाला उघडू देऊ नको. तू दिली नाहीस. पूर आला तेव्हा डोक्यावर घेऊन बाहेर निघालीस, आणि मी ते सगळ्या नात्यात कौतुकाने सांगितलं. अब्बांचा हात तिला लागला नाही, इफ्फत. ती माझ्या हातची आहे. मॅडम म्हणाल्या, चौपन्न वर्षं न उघडलेली बरडीची गादी कुठे असेलच तर ती लाखांत एक. ती आहे, ती माझ्या लबाडीमुळे आणि तुझ्या भोळेपणामुळे. विद्वानांनी यावर काय म्हणावं ते त्यांनी म्हणावं, मला तर अल्लाहचा हिशेब बघून घाम फुटला आहे.

ता. क. तिसरा. इथे अतिकाने पेन खाली ठेवलं होतं. आता उचललं आहे. म्हणते, नमुना कुणाकडून मिळाला, कुणी भरला, कसा भरला, हे प्रबंधात जसंच्या तसं लिहावं लागतं. मी म्हटलं, लबाडीने भरला हेही? ती म्हणाली, “दादी, तेच तर सगळ्यात महत्त्वाचं. मिसळला नाहीस म्हणून तो शुद्ध आहे.” तेव्हा तुझं नाव छापून येईल, आणि माझंही, माझ्या गुन्ह्यासकट. सोबत संमतीपत्राचा कागद आहे, त्यावर तुझा अंगठा पाहिजे. तू नाही म्हणालीस तर कुणी गादीला हात लावणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. मी खोदून खोदून विचारलं, खरंच तसं लिहिलं आहे.

ता. क. शेवटचा. अतिकाने मॅडमना फोन केला, जीप पुढच्या मंगळवारी नवापूरला येते आहे. पाचही जण येणार आहेत (भरतसुद्धा), आणि पुढच्या सीटवर मी. तू दार उघडलंस तर मी तुझ्यापुढे येईन, नाही तर जीपमध्ये बसून राहीन. टपावर माझी पांढरी गादी बांधून आणते आहे, ती तुझी. निम्मी तर पहिल्यापासून तुझीच होती. तुला बरं वाटावं म्हणून म्हणणार होते की इतकी वर्षं मलाही तिच्यावर कधी नीट झोप लागली नाही. पण अतिका लिहिते आहे, तिच्यापुढे खोटं बोलता येत नाही. फार छान झोप लागायची.