तुम्ही परत बसवलेला दात

बाबा, तुम्ही परत बसवलेला माझा पुढचा दात आज काढला. वीस-बावीस वर्षं टिकला, गुडगावातल्या तेव्हाच्या निम्म्या दुकानांपेक्षा जास्त. ऑटोने ब्रेक मारला नि दात निखळला, असं पीसीओवरून मी रडत सांगत होते आणि तुम्ही ओरडलात, "घासू नकोस, पुसू नकोस! गालात धर आणि ऑटो पकड." करोल बागेतल्या तुमच्या दवाखान्यात मी शिरते, तोंड मिटलेलं. तुम्ही म्हणता, "वा! जन्मात पहिल्यांदा गप्प." मग हिरडीवर बोट टेकवून दात जागेवर दाबता, शेजारच्या दातांना तारेने बांधता.

आता त्याचं मूळ झिजलंय. रविवारी महाराष्ट्र मंडळात माझ्या लेखांचं वाचन, आणि पुढच्या दाताशिवाय माझा टोमणा म्हणजे नुसती हवा. इथली डॉक्टर माझ्या भाचीएवढी. म्हणाली, दात काढून त्याच खड्ड्यात लगेच इम्प्लांट बसवू, वर तात्पुरता दात. मात्र पुढची हाडाची भिंत कागदासारखी पातळ असते. ती तुटली तर काही महिने थांबायचं. रस्ते दोन: हिरडी कापून, बाजूला सारून हाड बघत काम करायचं, नाहीतर न कापता खड्ड्यातूनच. मी तुमची बाजू लढवली, "दिसत नाही तिथे हत्यार घालू नये, असं बाबा म्हणायचे."

"आंटी, स्कॅन में सब दिख रहा है." हिरडी उचलली तर नंतर वर सरकू शकते, मग दात लांब दिसेल, असं तिचं म्हणणं. लांब दात सोसला असता, 'आंटी' जास्त लागलं.

न कापता ठरलं. दात सैल करताना तिने बाहेरून हिरडीवर बोट टेकवलं, अगदी तुमच्यासारखं. मी डोळे मिटले.

"दीवार बिल्कुल सलामत! जिसने दाँत वापस लगाया था, हड्डी उसी ने बचाई."

उघड्या तोंडाने रडता येत नाही, असं तुम्ही पेशंटांना सांगायचात. येतं, बाबा. हसताही येतं.

हा कागद आणि तो जुना दात तुमच्या हत्यारांच्या डब्यात ठेवतेय. एक राहिलं. तेव्हा ऑटोने ब्रेक मारलाच नव्हता. नव्या मॉलचं काचेचं दार मला उघडं वाटलं. आदल्याच आठवड्यात मॉलला भुलणाऱ्यांवर मी लेख लिहिला होता, आणि तुम्ही तो खुर्चीतल्या पेशंटांना हिंदीत करून ऐकवत होतात. खरं कोणत्या तोंडाने सांगणार? आजचा दवाखाना त्याच मॉलमध्ये आहे. दारावर आता लाल पट्टी आहे. तरी मी हात पुढे करूनच गेले.