दुसरा घाणा

८ डिसेंबर
पहिल्या घाण्यातली पहिली बाटली उघडली आज. बियर! आमच्या घरात, देव्हाऱ्याच्या अगदी समोर. ह्यांना म्हटलं, निदान देवांपुढचा पडदा तरी ओढा. ओढला बिचाऱ्यांनी.

मिल बंद झाली तेव्हापासून हे नुसते खाटेवर. आमचा अर्धा परदेशीपुरा, सगळी मिलवाल्यांची वस्ती, तसाच बसलाय. मग मिलमधले जुने केमिस्ट दुबेजी भेटले. पीथमपूरकडे बियरचा नवीन कारखाना निघतोय, तिथे साहेब झालेत. मिलमध्ये कापडाची खळ उतरवायला माल्टचं पाणी लागायचं, ते काम ह्यांच्याकडे होतं. दु.जी म्हणाले, "काळेजी, माल्ट तो आप जानते ही हो. बनाकर दिखाओ, फिर मालिक से बात करता हूँ." बियरला कडवटपणा देणारी ती हॉप्सची फुलं आणि यीस्ट त्यांनीच आणून दिलं. जवाला मोड मी आणले, कढईत भाजलेही मीच.

आणि चव बघायलाही मीच! मिलच्या वाफेनं ह्यांचं नाक गेलेलं. "अगं, तुझी जीभ. आमटीत कोणाच्या घरचा मसाला आहे ते सांगतेस तू."

घेतला घोट. रंग बिनदुधाच्या चहाचा, तांबूस. आधी भाजल्या पोळीचा वास, मग जरासा गूळ, मग मेथीसारखं कडू. मागे किंचित करपट. छान आहे हो. खरंच छान!

फक्त फेस बसला. ओतताना बोटभर होता, पेला उचलेपर्यंत गायब. ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

९ डिसेंबर
हे जेवले नाहीत. "बिनफेसाची बियर कोण पितं?" सकाळपासून तेच.

भांडी घासताना माझी ट्यूब पेटली. काल मी शेव खात होते! तेलकट बोटं, तेलकट ओठ, तोच पेला. तेलानंच फेस मारला. सोड्यानं धुतला, न पुसता उपडा घातला, दुसरी बाटली ओतली. फेस हलायला तयार नाही. केवढ्यानं ओरडले मी!

११ डिसेंबर
दु.जी येऊन गेले. माझं फर्मान होतं, चव घेऊन होईपर्यंत फराळ बंद. इंदूरच्या घरात पाहुणा आणि समोर शेव नाही. लाजेनं मेले. ते सारखे स्वयंपाकघराकडे बघत होते. शेवटी, "भाभीजी, सेव खत्म हो गई क्या?"
"पहले पी लीजिए. सेव बाद में, जितनी चाहो."
प्याले. पेला उजेडात धरला. "भिया, ये तो गजब है!"
ह्यांचा असा अभिमान वाटला, डोळ्यांत पाणीच आलं. वेडाबाई.

मग शेव खाता खाता, "देखो, एक बार तो किसी से भी बन जाती है. ऐसी की ऐसी दोबारा बना दो. कारखाने में रोज वही स्वाद चाहिए. तब आपकी नौकरी की बात चलाऊँ." उरलेल्या बाटल्या घेऊन गेले. सगळ्या! आता ती चव एक त्यांच्या कपाटात आणि एक माझ्या जिभेवर.

१३ डिसेंबर
हे पहाटे उठले. भोंगा नाही, काही नाही, आपले आपण. दाढी केली. दुसऱ्या घाण्याचे जव भिजत घातले. कामावर कधी बघितलंच नव्हतं मी ह्यांना. पातेल्याकडे असे बघत होते की हेवा वाटला पातेल्याचा.

२१ डिसेंबर
मोड वाळले. भाजायला बसले. शेजारच्या वहिनी दारात, "काय भाजताय? या ना, केबल लावलंय आम्ही."
म्हटलं, सत्तूचं आहे, इथून हलले की खाली लागतं. गेल्या खेपेला त्यांच्याकडेच सिरियल बघत बसले होते, तेवढ्यात जव जरा करपले. ह्या वेळी कढईवरनं नजर काढली नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. सकाळपासून तिळगूळ तोंडात घातला नाही, जीभ कोरी ठेवली.

उघडली. फेस उभा. रंग तोच. डोळे मिटून घोट घेतला. पोळी, गूळ, मेथी. करपट नाही. कुठेच नाही. इतकी स्वच्छ, इतकी गोल चव... काय सांगू. पण ती नाही ही.

हे समोर उभे, पंचा खांद्यावर. "तीच आहे ना?"

उद्या दु.जी जुनी बाटली घेऊन येणार, दोन्ही शेजारी ठेवून चाखणार. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," म्हटलं. "ही जास्त चांगली झालीय."

ह्यांनी खांद्यावरचा पंचा काढून ठेवला. "जास्त चांगली नको होती गं. तीच हवी होती."

मग माझ्या हातातला पेला घेतला. नाक नाही तरी एक घोट, आणखी एक.
"खरंच चांगली आहे?"
"अहो, फार चांगली आहे. तुम्ही केलीय."

उद्यासाठी दोन पेले, दु.जींचा आणि ह्यांचा, सोड्यानं धुऊन उपडे घातले. मागून हे आले, तिसरा स्वतः धुतला आणि त्या दोन पेल्यांशेजारी ठेवला. "तू पण बस उद्या. दुबेजींना तूच सांग."