बंडूजींच्या बोटांवरचा राखाडी रंग

२ नोव्हेंबर, रविवार
किट आलं. मिग-२१, एकास अठ्ठेचाळीस स्केल. एअर फोर्सनं हे विमान सप्टेंबरात रिटायर केलं, कॉलेजनं मला ऑफिसमधून मार्चमध्ये. दोघांतही अजून दम आहे.
आजपासून रोज दोन तास काम. वर्ध्याच्या हौशी कलाकार प्रदर्शनात पहिला नंबर. विषय संपला.
सूचनापत्रक चाळलं. नुसती चित्रं. ज्यानं आयुष्यभर विद्यापीठाची परिपत्रकं वाचली त्याला चित्रं कशाला लागतात? पहिल्याच पानावर लिहिलंय, नाकात वजन भरा. लढाऊ विमानाचं वजन वाढवायचं? कोणीतरी डोकं न लावता लिहिलेलं दिसतं. भरणार नाही.

३ नोव्हेंबर
काम केलं नाही. जागा ठरवत होतो. अन्नपूर्णेनं डायनिंग टेबल द्यायला नकार दिला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली आणि बायकोला मिग कळत नाही.
मागच्या खोलीत शिलाई मशीनवर पाट टाकून वर्कशॉप केलं.

६ नोव्हेंबर
समोरचे बंडूजी चहाला आले. एसटीतून रिटायर झालेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी गुंजन इथेच सावंगीला दवाखान्यात नर्स आहे. माणूस साधा वाटतो. वाटतो म्हणतोय.
प्रदर्शनाचं पत्रक त्यांनीच आणून दिलं होतं, हे आज अचानक आठवलं. का दिलं असेल? स्वतःला रस नसताना कोणी पत्रक जपून ठेवतं?
डब्याकडे बघत म्हणाले, "नाना, लयच बारीक काम हाय हे. डोळ्याले तरास नाई होत का?" मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, "तुमच्यासंग एक बोलाचं होतं." मी लगेच म्हटलं, सध्या फार बिझी आहे. चहा संपवून गेले.
माहिती काढायला आले होते.

११ नोव्हेंबर
किटमधला छोटा पायलट गायब. सकाळी पाटावर होता. खोलीत फक्त मी आणि अन्नपूर्णेचा झाडू. अन्नपूर्णा म्हणाली, मी पायलट पाहिलाच नाही. फार पटकन म्हणाली.
विमानाच्या पोटाचे दोन्ही भाग पायलटविनाच चिकटवून बंद केले. सांधा उत्तम बसला. फक्त एका बाजूला फट आहे. ती फोटोत दिसणार नाही.

१५ नोव्हेंबर
गेटपाशी अन्नपूर्णा आणि बंडूजी हळू आवाजात बोलत होते. मी जाताच दोघं गप्प. मी विचारलं, काय चाललंय? अन्नपूर्णा म्हणाली, "तुम्हाला सांगायलाच येत होते ते, तर तुम्ही ऐकता कुठं?"
आता खोलीला पडदा लावला. शत्रूला चुकीची माहिती द्यायची हेही ठरवलं. बंडूजींना सांगितलं, विमानाचा विचार सोडला, प्रदर्शनासाठी प्लास्टिकचा मोर करतोय.
त्यांचा चेहरा अजिबात बदलला नाही. तयारीचा माणूस आहे.

१७ नोव्हेंबर
बंडूजी पवनारला गेले होते. तिकडच्या शेतातून मोराची पिसं वेचून आणली, माझ्यासाठी. "रंग जुळवाले कामात येतीन," म्हणाले.
पिसं ठेवून घेतली. त्यांचा डाव कळत नाही.

१९ नोव्हेंबर
बंडूजींकडे कुरिअर आलं. माझ्या किटएवढाच खोका. वर 'नाजूक वस्तू, जपून हाताळा' असा शिक्का. मी पडद्याच्या फटीतून वाचला.
संशय खरा ठरला. ते पण भाग घेताहेत.
अन्नपूर्णेला विचारलं तर म्हणाली, कपबश्या असतील. एकटा माणूस एवढ्या कपबश्या घेऊन करणार काय? ती पोळ्या लाटत राहिली.

२४ नोव्हेंबर
पुरावा मिळाला. भाजीवाल्याच्या गाडीपाशी बंडूजींची बोटं पाहिली. राखाडी. अगदी विमानाचा राखाडी. अंगाला थिनरचा वास. मी सहज विचारलं, कसला रंग हो? म्हणाले, "गेट रंगवून राह्यलो." दिवाळी होऊन गेल्यावर गेट कोण रंगवतं?
घरी येऊन विमान हलवून पाहिलं तर आत काहीतरी खुळखुळतं. पंखाच्या खाचेतून टॉर्च मारला. पायलट. विमानाच्या पोटात पालथा पडलाय.
सांधा मी स्वतः चिकटवलेला. म्हणजे बंद विमानात कोणीतरी पायलट घातला. काम करणारा साधासुधा नाही.

३० नोव्हेंबर
कॉकपिटची काच बसवली. सुपरग्लू लावला. सकाळपर्यंत काच मोतीबिंदू झाल्यासारखी पांढरी. काल बंडूजी खिडकीपाशी उभे राहून बोलत होते. श्वासाची वाफ लागली असणार.
एक गोष्ट चांगली झाली. आत पायलट नाही हे आता दिसत नाही.
रोज दोन तासांचा संकल्प होता. सध्या एक तास विमान, एक तास पहारा. बेरीज तीच आहे.

५ डिसेंबर
आज बंडूजींनी मला बोलू दिलंच नाही. दारातच उभे राहून सांगून टाकलं. गुंजनचं लग्न जमलं. मुलगा हिंगणघाटला बँकेत आहे. साक्षगंध रविवारी, चौदाला, दुपारी बारा वाजता, घरासमोरच मांडव टाकून. "महिनाभर सांगीन म्हणतो तं तुम्ही कामात. गुंजनले मामा नाई, काका नाई. नवरदेवाले टिळा तुम्हीच लावाचा असं तिचं म्हणणं हाय."
चौदा डिसेंबर. प्रदर्शनाचा दिवस.
योगायोगांवर माझा विश्वास नाही. मी म्हटलं, पाहतो. ते खूश होऊन गेले. 'पाहतो' म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही, किंवा कळलं नसल्याचं दाखवलं.
अन्नपूर्णा म्हणाली, मुलाला रविवारीच सुट्टी असते. ही कोणाच्या बाजूनं आहे?
गुंजनला स्कूटी मी शिकवली होती. मलाही वाईट वाटतं. पण तिचा वापर केला जातोय हे तिला कोण सांगणार?

९ डिसेंबर
गोल चिन्हं पाण्यात भिजवून विमानाला चिकटवायची असतात. दोन नीट बसली. एक गुंडाळलं गेलं. एक माझ्या अंगठ्यावर बसलं आणि तिथे ते अप्रतिम दिसतं.

११ डिसेंबर
विमान पूर्ण झालं. चाकांवर उभं केलं. सावकाश मागे कललं आणि शेपटीवर बसलं, नाक छताकडे. पुन्हा उभं केलं, पुन्हा बसलं. आरती संपल्यावर माणूस बसतो तसं.
छेडछाड झाली आहे. शेपटीखाली सुपारी लावली. आता टेक-ऑफच्या पोझमध्ये आहे असं म्हणता येईल.

१४ डिसेंबर, सकाळी ८
अन्नपूर्णा नवी साडी नेसून बंडूजींकडे मदतीला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "बारा वाजता या. प्रदर्शन पाचपर्यंत आहे." मी म्हटलं, टेबल सोडलं की माझ्या जागी कोण येईल, तुला माहीत नाही.
फोन बंद ठेवतोय. ऐनवेळी बोलावून घेण्याचा प्रयत्न होणार.
विमान मिठाईच्या खोक्यात घेतलं. ऑटोनं निघतोय.

दुपारी ४, घरी
क्रमानं लिहितो.
माझं टेबल रांगोळी आणि क्रोशाच्या तोरणांच्या मध्ये. विमानाचं दुसरं मॉडेल कुठेही नव्हतं. म्हणजे बंडूजी उशिरा आणणार. मी टेबल सोडून गेटपाशी उभा राहिलो, येणाऱ्या प्रत्येक खोक्यावर लक्ष ठेवून. एका खोक्यात समोसे होते, एकात मासे. बंडूजी आले नाहीत.
परत आलो तोवर परीक्षक माझ्या टेबलावरून पुढे गेले होते. तोरणवाल्या बाई म्हणाल्या, त्यांनी विचारलं हे कोणाचं, कोणी बोललं नाही, मग त्यांनी कागदावर रेघ मारली. मी मागे धावलो. परीक्षक म्हणाले, आता पुढच्या वर्षी.
बारा वाजून गेले होते.
फोन सुरू केला. बंडूजींचे कॉल, गुंजनचे कॉल. गुंजनचा एक मेसेज, 'काका आम्ही थांबलो आहे'.
विमान तसंच हातात धरून सावंगीला पोचलो तेव्हा मांडवात जेवणं चालली होती. गेट राखाडी. नवीन कपबश्या ट्रेमध्ये. टिळा शेवटी अन्नपूर्णेनं लावला होता. पाहुणे उपाशी किती वेळ थांबवणार.
बंडूजी मला पाहून पानावरून उठून आले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी विचारलं, "नाना, नंबर आला का?"
मी म्हटलं, पहिला.
का म्हटलं ते अजून कळलं नाही. ते वळले आणि साऱ्या मांडवाला सांगितलं, आमच्या नानांच्या विमानाचा वर्ध्यात पहिला नंबर आला, म्हणून उशीर झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्याह्यांनी हात मिळवला. गुंजन पाया पडली, डोळे पुसत म्हणाली, "मग ठीक आहे काका. मला वाटलं तुम्ही रागावले."
अन्नपूर्णा वाढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पानात वाढून पुढे गेली. 

१५ डिसेंबर, सोमवार
 नाश्ता देताना अन्नपूर्णा म्हणाली, "बंडूजी येत्या रविवारी व्याह्यांना आणणार आहेत, तुमचं बक्षीस पाहायला."
बंडूजींच्या गेटपर्यंत गेलो, परत आलो. पुन्हा गेलो. त्यांनीच आतून पाहिलं. म्हणाले, "उभे काऊन? या नं."
बसलो. सगळं सांगितलं. नंबर आला नाही, फोन मुद्दाम बंद ठेवला होता, मला वाटलं तुम्हीही विमान करताय, साक्षगंधाची तारीखही त्यासाठीच धरली. पडद्याचंही सांगितलं. मोराचंही.
ते म्हणाले, "पोरगी वाट पाहून राह्यली होती हो, नाना."
मी म्हटलं, हो.
मग मी विचारलं, मी पहिला नंबर म्हटलं तेव्हा तुम्हाला थोडासुद्धा संशय आला नाही? विमान पाहिलंत की तुम्ही, हातातच होतं माझ्या.
त्यांना प्रश्न नीट कळलाच नाही. म्हणाले, "तुम्ही म्हटलं पहिला, तं मी सांगतलं पहिला. आता तुम्ही म्हणता नाई आला, तं व्याह्यायले सांगून देऊ नाई आला. त्यात काय हाय?"
आत जाऊन चहा घेऊन आले. नव्या कपात. गुंजन ड्यूटीवर गेली होती. ती सहाला येते, तिच्याशी तुम्हीच बोला, एवढं मात्र त्यांनी सांगितलं.
चहात साखर जास्त होती. का घातली असेल, असा विचार आला. प्यायलो.