अनाउन्सच्या मागचा ‘टू’

कुसगाव, ६ जानेवारी २०२५

ती. चिमाआत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोन बंद, आणि मोबाइलवर वाचायचं म्हटलं की तू चष्म्याची सबब सांगतेस. म्हणून हे पत्र.

आमच्या हॉटेलात अठरा तारखेला एका कंपनीचं जेवण आहे. रिसेप्शनवरून उठून माईक मी धरायचा, असं आमच्या मॅनेजर प्रतीक्षा मॅडमनी ठरवलंय. त्यांनी दिलेल्या कागदावर ‘नाउ आय अनाउन्स यू द चीफ गेस्ट’ असं वाक्य आहे. कानाला खटकतं, पण का ते सांगता येईना. मी म्हटलं, आमच्या घरात इंग्रजीच्या बाई आहेत, त्यांना विचारते.

काल बाबा औंढ्याहून भाजी घेऊन आले होते. त्यांचं म्हणणं, भ्यायचं न्हाई, आत्यानं नुसत्या आवाजावर शाळंतली पोरं गप केली.

उत्तर लवकर पाठव. माया आहेच, ती राहू दे.
तुझी,
यशोधरा

तळेगाव दाभाडे, १० जानेवारी २०२५

चि. यशोधरा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा कान पक्का आहे गं. अनाउन्सच्या पाठोपाठ जे जाहीर करायचं ते येतं, ऐकणारा नाही. ‘आय अनाउन्स द चीफ गेस्ट’ चालेल. ऐकणाऱ्याला आणायचं तर त्याच्या आधी ‘टू’ हवा. ‘टेल’ला समोरचा माणूस लगेच लागतो, अनाउन्सचं त्याच्यावाचून अडत नाही.

अर्थ मात्र पुष्कळ. निकाल जाहीर होतो तो अनाउन्स, दारात पाहुणा आल्याची आत वर्दी देतात तोही, आणि स्टेशनवर गाडीची घोषणा होते तोही. फोडणीचा वाससुद्धा जेवण तयार असल्याचं अनाउन्स करतो. वर्गात मी हा शब्द मोठ्या हौसेनं शिकवला. आता तळेगाव स्टेशनवर उभी राहते, फलाट बदलल्याची घोषणा होते, सगळे पळतात आणि मी एकटी मागे उरते. तेव्हा वाटतं, सांगणाऱ्याचं काम झालं, पण मला कुठं कळलं?

तुझ्या बाबाला, रतनला सांग, पोरं गप व्हायची ती माझ्या आवाजानं नाही, डोळे वटारल्यानं. आणि तू वाक्याची शेपटी गिळतेस, तेवढी सवय सोड.

खुशाली कळवत जा, म्हणजे जीव थाऱ्यावर राहतो.
तुझी आत्या,
चिमा

कुसगाव, २१ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

आधीच सांगते, मी बरी आहे. थोडा खोकला आहे इतकंच.

जेवणं निम्म्यावर आली आणि भटारखान्याकडून हॉलमध्ये धूर येऊ लागला. वायरिंग जळत होतं. लोक खुर्च्या सरकवायला लागले. पळापळ झाली असती तर दारातच चेंगराचेंगरी होती. माईक माझ्या हातातच होता. इंग्रजीत, हिंदीत आणि मराठीत सावकाश सांगितलं की ताटं तशीच ठेवा, डावीकडच्या दारानं चालत लॉनवर या. शेपटी गिळली नाही. लोक खरंच चालत गेले.

बाहेर येऊन सगळे एकमेकांना शोधत होते, आणि मला तुझं स्टेशन आठवलं. मुख्य पाहुणे महिपतीकाका, कंपनीतून निवृत्त झालेले. गाणी सुरू झाल्यावर त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलेलं मी पाहिलं होतं. लॉनवर ते दिसेनात. वाढपी सोपानदादाला घेऊन, तोंडाला ओला नॅपकीन लावून मी आत गेले. काका बेसिनपाशी हात धुऊन निघाले होते आणि धुरात दिशा चुकून नेमके भटारखान्याकडेच चालले होते. हाक मारून उपयोग नव्हता. मी त्यांचा हात धरला, दाराकडे बोट केलं. ते माझ्याबरोबर आले. बाहेर आल्यावरही किती तरी वेळ हात सोडेनात.

आग लवकर विझली, कुणाला काही झालं नाही. बाबा बातमी कळताच आले आणि सगळ्यांदेखत रागावले. म्हणाले, हितनं पुढं आग दिसली की आधी तू भाईर पडायचं, मग जगाला सांगायचं. मग पाठ करून उभे राहिले. मॅडमनीच त्यांना चहा नेऊन दिला.

तूही रागावणार असशील तर थोडकंच रागव.
तुझी,
यशोधरा

तळेगाव दाभाडे, २७ जानेवारी २०२५

चि. यशोधरा हिस,
पोटभर आशीर्वाद.

रागावण्याचं काम रतननं केलंय, म्हणून मी नुसतं कौतुक करते. इतकी वर्षं मी ते क्रियापद शिकवलं, पण ऐकू न येणाऱ्या माणसापर्यंत ते पोचवायचं कसं, हे मला सुचलं नव्हतं. तुला सुचलं आणि तू परत आत गेलीस. तुझ्याएवढी असताना माझी छाती झाली असती का, सांगवत नाही.

आता माझी बातमी ऐक. कान गेल्यापासून मी चारचौघांत बोलत नाही. स्वतःचाच आवाज कळत नाही, लोक हसतील असं वाटतं. पण काल सोसायटीत झेंडावंदन झाल्यावर मुलांची भाषणं संपली आणि मी उठून सरळ माईकपाशी गेले. माझ्या भाचीनं काय केलं ते सगळं सांगितलं. कुठं थांबले, किती ओरडले, देव जाणे. पुढच्या रांगेतल्या माधवीताई डोळे पुसत होत्या. मग एकदम सगळे हात वर आले आणि एकमेकांवर आपटू लागले. मी ते डोळे भरून पाहिलं.

खोकल्याचं औषध घे, आणि रविवारी ये.
तुझी, बहुधा फार मोठ्यानं बोललेली,
चिमाआत्या